३८४ फॉर्म आणि लाल शाई

माझी पीएचडी एज्युकेशनमधली. हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, म्हणजे नक्की कशात? शिक्षणशास्त्रात हो, असं म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न, मग इन्क्रिमेंट किती मिळणार. मी ऐरोलीत राहते, ठाण्यात एका अनुदानित मराठी शाळेत आठवी ते दहावीला मराठी आणि इतिहास शिकवते, आणि इन्क्रिमेंटचं उत्तर आजपर्यंत तरी शून्य आहे. मग केली कशाला? खरं सांगायचं तर स्टाफरूममधल्या एका वाक्यामुळे. "पालकच लक्ष देत नाहीत हो." निकाल कमी लागला की हे वाक्य, पोरगं गैरहजर राहिलं की हे वाक्य, आणि मी पण बोलायचे, उगाच साधूपणाचा आव आणत नाही. मला ते आकड्यांत सिद्ध करून दाखवायचं होतं. संशोधनाला असं आधीच उत्तर ठरवून जायचं नसतं हे तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, पास झाले, इंटरव्ह्यू झाला, मग गाईड शोधणं. हा भाग ज्यांनी केलाय त्यांना सांगायला नको. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाप्रमाणे प्रोफेसरकडे एका वेळी ८, असोसिएटकडे ६, असिस्टंटकडे ४ विद्यार्थी, त्यामुळे ज्यांना फोन करावा ते म्हणणार सीट नाही. मी ११ जणांना फोन केले. बाराव्या मॅडम म्हणाल्या ये. विषय काय, तर पालकांचा सहभाग, मॅडम म्हणाल्या मग "शैक्षणिक संपादणूक" (म्हणजे मार्क) जोडून टाक, कमिटीला बरं वाटतं. झालं टायटल. २०१७ साली रजिस्ट्रेशन झालं आणि घरी पेढे वाटले.

कोर्सवर्क शनिवार-रविवारी असायचं. आता मागे वळून बघते तर हसू येतं, कारण ज्ञान म्हणजे काय, ते कसं कळतं, संशोधक स्वतः कुठे उभा असतो हे सगळं एका दुपारी ४० मिनिटांत स्लाईडवर झालं (जेवणानंतरचं लेक्चर, अर्धा वर्ग पेंगत होता, मी धरून) आणि टी-टेस्टला (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायचं गणित) चार रविवार गेले. म्हणजे सुऱ्या कशा धरायच्या हे पक्कं शिकवलं, चिरायचं काय आहे ते ज्याचं त्याने बघून घ्यावं. शोधगंगेवर जाऊन बसायचे रात्री. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने देशभरातले प्रबंध तिथे फुकट वाचायला ठेवलेत, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार, पण ३०-४० प्रबंध वाचले की कळतं सगळ्यांचा साचा एकच. पहिल्या प्रकरणात रिसर्च या शब्दाची फोड, री अधिक सर्च. मग शून्य परिकल्पना, मुलगे आणि मुली यांच्यात लक्षणीय फरक नाही, शहरी आणि ग्रामीण यांच्यात लक्षणीय फरक नाही. जिल्ह्याचं नाव बदला, प्रबंध तयार. मी पण तोच साचा उचलला, खोटं कशाला बोलू. आमच्याच मुंबईच्या विद्यापीठाने देशातली शिक्षणशास्त्रातली पहिली पीएचडी १९४३ साली दिली असं वाचलं होतं, आणि वाटायचं तेव्हापासून हाच साचा चालत आलाय की मधेच कधी गोठला.

न्यादर्श, म्हणजे नमुना, किती घ्यायचा, तर ३८४. हा आकडा एज्युकेशनवाल्यांना पाठ असतो. क्रेजसी आणि मॉर्गन यांचा १९७० चा एक तक्ता आहे, त्यात १० लाख लोकसंख्येला ३८४ नमुना पुरतो असं दिलंय. तो तक्ता लागू व्हायला नमुना यादृच्छिक हवा, म्हणजे प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी हवी, हे तक्त्याच्या मागचं गणित. आम्ही काय करतो, ओळखीच्या हेडमास्तरांना फोन करतो. मी सहा शाळा घेतल्या, ठाण्यात दोन, कळव्यात एक, दिघा, ऐरोली आणि घणसोलीत एकेक. सगळीकडे बीएडच्या बॅचची कुणी ना कुणी होती.

साधन, म्हणजे प्रश्नावली, बनवलं. ४० विधानं, प्रत्येकाला पाच पर्याय, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. लायकर्टने ही पद्धत १९३२ मध्ये मांडली आणि त्या बिचाऱ्याला कल्पना नसेल ठाणे जिल्ह्यातल्या बायकांवर आपण काय वेळ आणलीय. पुस्तकात लिहिलेलं असतं की काही विधानं उलटी घाला म्हणजे माणूस न वाचता खुणा करत असेल तर पकडला जातो. म्हणून २८ सरळ, १२ उलटी. "मी रोज मुलाचा अभ्यास घेते" हे सरळ. "मुलाच्या अभ्यासाकडे लक्ष द्यायला मला वेळ मिळत नाही" हे उलटं. पाच तज्ज्ञांना दाखवलं, तज्ज्ञांनी काना-मात्रा सुधारल्या, ओके म्हणाले. पायलट, म्हणजे आधीची चाचणी, आमच्याच शाळेच्या पीटीएमधल्या (पालक-शिक्षक संघातल्या) पालकांवर केला, म्हणजे जे मुळात मीटिंगला येतात त्यांच्यावर. तिथेच खरं तर माशी शिंकली होती पण मला ऐकू आलं नाही.

२०१९ च्या पावसाळ्यात फॉर्म वाटले. वर्गशिक्षकांनी मुलांच्या हातात दिले, घरून भरून आणा, उद्यापर्यंत. आणि आले हो! ५०० वाटले, ४३० परत आले, मी तर हवेत. रद्दबातल काढून बरोबर ३८४ ठेवले. मग रोज रात्री एक्सेलमध्ये भरायला बसायची, आणि तिसऱ्या की चौथ्या रात्री लक्षात आलं की मी बघतच नाहीये, नुसते पाच पाच पाच पाच दाबत चाललेय. एक फॉर्म सगळा "पूर्ण सहमत". दुसरा सगळा "सहमत". रोज अभ्यास घेते, पूर्ण सहमत. वेळच मिळत नाही, पूर्ण सहमत. एका फॉर्मच्या मागे बेरजा केलेल्या होत्या आणि एकाच्या कोपऱ्यात विमान काढलेलं.

ठाण्यात स्टेशनपासून जवळच एक जण एसपीएसएसवर (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) काम करून देतात, त्यांच्याकडे फाईल नेली. त्यांनी उलट्या विधानांचे गुण उलटवून अल्फा काढला, ०.४१. क्रॉनबाखचा अल्फा, म्हणजे तुमची विधानं एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप, साधारण ०.७ च्या वर असला की लोक खूश. माझा चेहरा बघून ते म्हणाले, मॅडम टेन्शन कशाला घेता, ती १२ निगेटिव्ह उडवा. उडवली. ०.९३. "बघा, कसला मस्त आला!" आणि खरंच मस्त आला होता कारण जो माणूस एकाच रांगेत खाली खाली खुणा करत जातो त्याची २८ उत्तरं एकमेकांशी जुळणारच ना, त्याने वाचलंय की नाही हे अल्फाला काय माहीत. पुढे ते हळूच म्हणाले की चौथं आणि पाचवं प्रकरण लिहून पण मिळेल, १५ हजार. मी फक्त अल्फाचे पैसे दिले आणि निघाले, पण प्रामाणिकपणे सांगते, ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसल्यावर रबाळे येईपर्यंत माझा विचार चालू होता (ऐरोली मागे गेलं होतं, उतरायचंच विसरले).

आमचा एक ग्रुप होता. चौघं जण, दोन वेगळ्या विद्यापीठांतले, चार वेगळे गाईड. कळव्याचे एक सर बीएड कॉलेजात शिकवणारे, पनवेलची एक मैत्रीण, डोंबिवलीचा एक तरुण मुलगा आणि मी. महिन्यातून एका रविवारी ठाण्यात भेटायचो, कधी मराठी ग्रंथसंग्रहालयात, तिथे बोलायला मनाई म्हणून मग बाहेर पडून मिसळ, आणि तलावपाळीला चकरा मारत बोलणं. आधी सगळं रडगाणंच असायचं, गाईड फोन उचलत नाही, फी वाढली, आरएसीची (संशोधन सल्लागार समितीची) तारीख परत पुढे गेली. नंतर कळव्याच्या सरांनी नियम काढला की रडगाणं १५ मिनिटं, मग एकाने दोन पानं वाचून दाखवायची आणि बाकीच्यांनी फाडायची. मी जे काही शिकले ना संशोधन म्हणून, त्यातलं निम्मं तरी या चकरांत. पनवेलवालीची बहीण मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात फुलटाइम पीएचडी करत होती, ती एकदा आली आणि वर्गातलं सात मिनिटांचं बोलणं तिने शब्दन् शब्द लिहून काढलेलं दाखवलं, मुलगा कुठे अडखळला, बाईंनी किती सेकंद थांबून मग स्वतःच उत्तर सांगून टाकलं, हे सगळं. मी २० वर्षं वर्गात उभी आहे आणि मला हे कधी दिसलं नव्हतं.

तर त्या रविवारी मी ०.९३ ची गोष्ट सांगितली. डोंबिवलीचा म्हणाला, ताई, फॉर्म भरले कोणी? मी म्हटलं पालकांनी. "तुम्ही बघितलं?"

नव्हतं बघितलं. म्हणून दिघ्याला गेले, शाळेतून सहा-सात पत्ते घेतले आणि चढण चढत एका घरी पोचले. तेव्हा दिघा गाव स्टेशन सुरू झालेलं नव्हतं, ऐरोलीहून रिक्षा. दारात उभी राहिले तर बाईंनी आधी आतून विचारलं, बिल्डिंगचा सर्व्हे आहे का? कारण २०१५ पासून तिथे कोर्टाच्या आदेशाने बेकायदा इमारतींवर हातोडा पडायला लागला होता, कागद घेऊन आलेली बाई म्हणजे नोटीसच. मी शाळेतली म्हटल्यावर दार उघडलं, चहा ठेवला. मी तो संमतिपत्राचा कागद काढला, "मी स्वेच्छेने या संशोधनात सहभागी होत आहे" वगैरे, एथिक्सच्या तासाला शिकवलेला. त्या म्हणाल्या बोलते मी वाट्टेल तेवढं, सही नको बाई. मागे एकदा सही घेऊन गेलेले त्याचं काय झालं ते अजून कळलं नाही. मग तोंडी संमती रेकॉर्ड केली आणि नंतर आरएसीला पटवून दिलं की ही पण संमतीच आहे, सहीपेक्षा जास्त.

फॉर्म? "ते पोरानंच भरलं. मला कुठं वाचाया येतंय." नवरा एपीएमसीत, भाजी मार्केटला, मध्यरात्रीनंतर निघणार, दिवसा झोपणार. त्या स्वतः दोन घरची कामं करून चारला येतात. मग तुम्ही त्याचा अभ्यास कसा बघता, मी विचारलं, म्हणजे विचारताना माझ्या डोक्यात उत्तर तयारच होतं, बघत नाहीत. त्या म्हणाल्या, "रोज बघते की. वही उघडते न् लाल शाई हाय का बघते. लाल दिसलं की बरं वाटतं, बाईनी बघितलं म्हणायचं. आठ-आठ दिस लाल नसलं तर मग पोराला इचारते, तू मागं बसतो का रं?"

मी परत येताना पूर्ण रस्ता गप्प. माझ्या ४० विधानांत लाल शाई कुठेच नव्हती. अमेरिकेतल्या जॉइस एपस्टीनबाईंनी पालकांच्या सहभागाचे सहा प्रकार सांगितलेत, घरातलं वातावरण, शाळेशी संपर्क, स्वयंसेवा, घरी अभ्यास, निर्णयात भाग आणि समाजाशी सहकार्य, माझी सगळी विधानं त्या सहांतून काढलेली. ही बाई त्यातल्या कुठल्या खणात बसवू? आणि खरी बोच दुसरीच होती. माझ्या वर्गात ५८ वह्या, मी शेवटच्या पानावर एक बरोबरची खूण, सही, तारीख टाकते. ती पालकांवर नजर ठेवायला निघालेली मी, आणि ही बाई रोज संध्याकाळी त्या वहीतून माझ्यावर नजर ठेवून होती.

मॅडमना सांगितलं तर त्या वैतागल्या. त्यांचंही चूक नव्हतं म्हणा, दोन वर्षं गेलेली, डेटा आलेला, अल्फा आलेला. "अगं कमिटीला काय सांगू? टूल फसलं म्हणून?" मी म्हटलं हो. दीड महिना बोलणं बंद. शेवटी मधला मार्ग निघाला, टायटल तेच राहील, ३८४ फॉर्म पण राहतील, एका प्रकरणात ते का फसले हे सरळ लिहायचं, आणि पुढे २२ घरी जाऊन मुलाखती. पुढच्या आरएसीत एका सदस्यांनी विचारलं २२ वर सामान्यीकरण कसं करणार. आणि गंमत म्हणजे उत्तर मॅडमनीच दिलं, सर, ३८४ वर तरी कुठे करता आलं. त्या दिवसापासून त्या माझ्या खऱ्या गाईड झाल्या असं मी मानते.

मग मार्च २०२०. सगळं ठप्प. त्याबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांचं सारखंच होतं, फोन एक आणि तो बाबांबरोबर कामावर. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये शहरात आठवीपासूनच्या शाळा उघडल्या तशी मी परत घरोघरी जायला लागले.

एक तासाचं रेकॉर्डिंग टाईप करायला मला सहा तास लागायचे. मोबाईलला बोलून टायपिंग करून बघितलं, साताऱ्याकडची आणि मराठवाड्याकडची बोली त्याला झेपेना, "इचारते"चं काहीतरी भलतंच व्हायचं. घरी म्हटलं मी आता कोडिंग करतेय, तर मुलगा खूश, आई पायथन का? पायथन कसलं, मुलाखतीतल्या वाक्यांना अर्थाप्रमाणे नावं द्यायची, त्याला चार रंगांची पेनं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिठ्ठ्या. ब्राऊन आणि क्लार्क यांचा २००६ चा थीमॅटिक अॅनालिसिसवरचा (मुलाखतींतले समान धागे शोधायची पद्धत) पेपर कळव्याच्या सरांनी दिला होता, त्यात एक गोष्ट डोक्यात बसली की थीम आपोआप वर येत नाहीत, संशोधकच त्या निवडतो, तर ती जबाबदारी घ्यावी. मग मी प्रबंधात "असे दिसून आले" हे वाक्य जिथे जिथे होतं तिथे थांबून स्वतःला विचारायचे, कोणाला दिसून आलं? बरीच वाक्यं त्यात गळाली.

प्रबंध इंग्लिशमध्ये लिहायचा होता आणि तिथे लाल शाई परत आडवी आली. इंग्लिशमध्ये नुसतं तांबड्या रंगाची शाई, त्यात "बाईनी बघितलं म्हणायचं" मधला तो सुस्कारा येत नाही. मी मूळ मराठी वाक्यं देवनागरीत ठेवली, खाली भाषांतर. फॉरमॅट तपासणाऱ्या क्लार्कने दोनदा परत पाठवलं, फॉन्ट एकच हवा म्हणून.

पेपर छापायची अट हा एक वेगळाच तमाशा. २०१६ च्या नियमांत प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापलेला आणि दोन परिषदांत वाचलेले हवेत. माझा पहिला निबंध छापून आला, मी कात्रण फ्रेम करायच्या बेतात, आणि २०१८ च्या मे मध्ये यूजीसीने आपल्याच यादीतून ४,३०५ जर्नलं काढून टाकली, त्यात ते पण गेलं. परत लिहिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवीन नियम आले, ती सक्तीच काढून टाकली, पण आमचं रजिस्ट्रेशन आधीचं म्हणून आम्हाला जुनेच नियम. डोंबिवलीच्या मुलाने तोवर सोडून दिलं होतं. नोकरी क्लॉक-अवरवर, म्हणजे तासाच्या हिशेबाने पैसे, लग्न ठरलेलं, गाईड रिटायर झाले आणि नवीन गाईडना विषय आवडेना. चौघांतला सगळ्यात हुशार तोच. "फॉर्म भरले कोणी" हा माझ्या पीएचडीतला सगळ्यात चांगला प्रश्न त्याने विचारलेला, आणि डिग्री माझ्याकडे. मी ऋणनिर्देशात त्याचं नाव मॅडमच्या खालोखाल घातलंय, एवढंच करू शकले.

२०२३ मध्ये सबमिट केलं, २०२४ मध्ये व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक शांत गृहस्थ होते. सगळे म्हणत होते फसलेल्या प्रकरणावर धरतील, त्यांनी ते एकदाच विचारलं, का ठेवलंत? मी म्हटलं पुढचा माणूस परत तिथेच पडू नये म्हणून. ते मान हलवून पुढे गेले. मग चष्मा काढून म्हणाले, बाई, तुम्ही २२ घरांतल्या वह्या बघितल्या. तुमच्या स्वतःच्या वर्गातल्या वह्यांत लाल शाई किती पानांवर आहे, मोजलीत का?

नाही सर, नाही मोजली. हॉलमध्ये हशा पिकला, ते पण हसले, पण त्यांनी ते मिनिट्समध्ये लिहिलं. घरी आल्यावर डॉक्टर डॉक्टर करत फोन सुरू झाले आणि मी सोमवारी शाळेत जाऊन गठ्ठा काढला. एका वहीत सलग ३१ पानं कोरी, म्हणजे माझ्या बाजूने कोरी. ते पोरगं मागेच बसायचं.

आता रविवारचा ग्रुप परत सुरू केलाय. पनवेलवाली येते, कळव्याचे सर आता स्वतः गाईड आहेत, त्यांनी त्यांची एक विद्यार्थिनी आणली मागच्या महिन्यात. दिघ्याचीच आहे, नवीन स्टेशनवरून थेट ठाण्याला आली. बॅगेतून साधन काढलं, ४५ विधानं, छान टाईप केलेलं, विषय पालकांच्या डिजिटल साक्षरतेचा. मी वाचलं, चांगलं होतं, माझ्यापेक्षा बरंच. म्हटलं हे घेऊन आधी एका घरी जा, तुझ्याच बिल्डिंगमधलं चालेल, फॉर्म त्यांच्या हातात दे आणि तिथेच बसून राहा, काय होतं ते बघ, मग बोलू.

ती वहीत लिहून घेत होती. मग म्हणाली, "जाते ताई, पण सिनॉप्सिसची लास्ट डेट २० आहे."